जोखीम भत्ता : दुकानावरच्या कामगाराच्या हाती का पडला नाही?

25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली, तेव्हा किराणा, दूध, भाजीपाला, औषधे आणि रेशन 'अत्यावश्यक' ठरले. जळगावच्या दाणा बाजारात, धुळ्या-नंदुरबारच्या पेठांत पोती उतरवणारा हमाल, काट्यावरचा गडी, घरपोच किराणा देणारा पोरगा रोज कामावर होता. मे-जूनमध्ये जळगावचा कोरोना मृत्युदर देशातल्या सर्वाधिक दरांत होता. तरी या माणसांना जोखमीचे वेगळे पैसे द्या, असे कोणत्याही सरकारी आदेशाने सांगितले नाही. 26 मार्चला जाहीर झालेला 50 लाखांचा विमा आरोग्य कर्मचाऱ्यांपुरता होता.

याची मुळे जुनी आहेत. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि गिरणी कामगार गावाकडे पळाले. गिरण्या चालू ठेवायला मालकांनी मजुरी रोजच्या रोज चुकती केली, नाक्यानाक्यावर चढी बोली लावून माणसे उचलली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. त्यात प्रवाशांची तपासणी होती, रोग्यांना अलग ठेवणे होते, मजुरीबद्दल अक्षर नव्हते. मार्च 2020 मध्ये राज्याने हाच कायदा लागू केला.

म्हणजे प्लेगच्या वेळी जादा पैसे मिळाले ते माणूस मिळेनासा झाला म्हणून. खान्देशात 2020 मध्ये नेमके उलटे घडले. सुरत, पुणे, मुंबईहून कामगार गावी परतले. दुकानावरचा एक जण आला नाही, तर त्याच्या जागी यायला चौघे तयार होते. मग भाव कोण वाढवणार?

परदेशात जोखमीचे पैसे मिळाले, पण तेही फार टिकले नाहीत. अमेरिकेत क्रोगर या मोठ्या किराणा साखळीने ताशी 2 डॉलरचा बोनस मार्चअखेर जाहीर केला आणि मेच्या मध्यावर थांबवला. कॅनडातल्या मोठ्या किराणा साखळ्यांनी 13 जूनला हात आखडला. साथ मात्र तेव्हा ओसरलेली नव्हती. 2021 मध्ये सिॲटल आणि लाँग बीच या शहरांनी ताशी 4 डॉलर जादा देणे सक्तीचे केले, तर क्रोगरने तिथली काही दुकानेच बंद करायची घोषणा केली.

आपल्याकडे कायद्याचा आधारही पातळ होता. किमान वेतनातला विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकावर ठरतो, धोक्यावर नाही. जादा तासांना दुप्पट दर देणारा महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने कायदा तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असतील तरच पूर्ण लागू होत होता. पेठेतल्या बहुतेक दुकानांत चार-पाच माणसे असतात. जुन्या 1948 च्या कायद्याचे छत्र छोट्या दुकानांवरही होते. ते काढणे फार महागात पडले.

उरली नुकसानभरपाई. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातील तिसऱ्या अनुसूचीत संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून जडलेला रोग व्यावसायिक आजार मानला होता. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा गुणिले वयाचा गुणांक, हा हिशेब. महिना 8,000 रुपये घेणाऱ्या चाळिशीच्या माणसासाठी 4,000 × 184.17, म्हणजे 7,36,680 रुपये. अडते ते पुराव्यावर. पगार रोखीत, हजेरीपट नाही, ओळखपत्र नाही. मालकाने 'हा आमच्याकडे नव्हताच' म्हटले की नोकरी सिद्ध करण्यातच दावा अडकतो. त्यानंतर संसर्ग दुकानातच झाला हे दाखवायचे, तेही घरोघरी साथ असताना. बँकेत जमा झालेला पगार, सही असलेले उचलीचे कागद, टाळेबंदीत दुकानाने काढून दिलेला पास, चाचणीचा अहवाल आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला एवढे हाताशी असेल तर निदान उभे राहता येई. दाव्याची मुदत दोन वर्षे. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून आयुक्तांकडे माफी मागावी लागे.