जर्मनीतला चर्च-कर: कोणाला लागतो आणि चर्च सोडण्याचा अर्ज कसा करतात

वसई, गोवा किंवा अहिल्यानगरकडून नोकरीसाठी जर्मनीत गेलेल्या ख्रिस्ती माणसाला पहिल्या पगाराच्या स्लिपवर ‘किर्शेनश्टॉयर’ नावाची कपात दिसते. ही चर्चची वर्गणी नसून सरकारने चर्चसाठी गोळा केलेला कर आहे. याचा आधार १९१९ च्या वायमार राज्यघटनेतला. तीच कलमे आजच्या घटनेच्या कलम १४० ने कायम ठेवली आहेत. वसुली कर कार्यालय करते आणि त्याचा मोबदला चर्चकडून कापून घेते.

बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत दर ८ टक्के, बाकी सगळीकडे ९ टक्के. इथे बहुतेकांचा गैरसमज होतो: हे टक्के पगारावर नाहीत, आयकरावर आहेत. महिन्याला ५०० युरो आयकर कापला जात असेल, तर चर्च-कर ४० किंवा ४५ युरो. मुले असतील तर हिशेब आणखी कमी होतो. भरलेली रक्कम वार्षिक विवरणपत्रात वजावट म्हणून दाखवता येते. ती दाखवायला विसरू नका.

कर लागू होतो तो पत्ता-नोंदणीपासून. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ‘आनमेल्डुंग’ करावी लागते आणि त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. ‘रोमन कॅथलिक’ लिहिले की स्लिपवर ‘आरके’ येते, ‘इव्हांजेलिश’ लिहिले की ‘ईव्ही’. कॅथलिक माणसाचा बाप्तिस्मा वसईत झाला काय किंवा मडगावात, जर्मनीत राहायला आल्यावर तो तिथल्या धर्मप्रांताचा सभासद धरला जातो. पेन्टेकोस्टल मंडळ्या आणि ऑर्थोडॉक्स चर्च हा कर घेत नाहीत, म्हणून नुसते ‘ख्रिश्चन’ लिहून मोकळे होऊ नका. पंथ नेमका सांगा. हिंदू, बौद्ध, मुस्लिम यांना हा कर नाही.

कर वाचवायला कॅथलिक असून रकाना कोरा ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो वाईट सल्ला आहे. कर आकारणाऱ्या चर्चचे सभासद असाल तर खरी माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे. बर्लिनमध्ये तर चर्च-कर कार्यालय प्रश्नावली पाठवून बाप्तिस्म्याची चौकशी करते, आणि मग मागचा करही अंगावर येतो.

सरळ मार्ग म्हणजे ‘किर्शेनआउसट्रिट’, चर्च सोडल्याची घोषणा. ती फादरकडे किंवा पॅरिश ऑफिसात करून चालत नाही. बहुतेक राज्यांत ती सरकारी कार्यालयात करायची असते. बर्लिन, कोलोन, ड्युसेलडॉर्फमध्ये आपल्या भागातले दिवाणी न्यायालय (अम्ट्सगेरिश्ट), तर म्युनिक, श्टुटगार्ट, हॅम्बुर्गमध्ये जन्म-विवाह नोंदणी कार्यालय (श्टांडेसआम्ट). प्रशियात बिस्मार्कच्या काळी, १८७३ साली, चर्च आणि सरकारच्या भांडणात यासाठी कायदा झाला. सरकारी खिडकीची वाट तेव्हापासूनची.

सोबत पासपोर्ट आणि पत्त्याचा दाखला (मेल्डेबेशायनिगुंग) न्या. भारतीय पासपोर्टवर जर्मन पत्ता नसतो, आणि बरेचजण याच कारणाने रिकाम्या हाताने परततात. विवाहित असाल तर विवाह प्रमाणपत्र, आणि बाप्तिस्म्याची तारीख व ठिकाण माहीत असेल तर लिहून ठेवा. जातीने हजर राहावे लागते, नाहीतर नोटरीकडून सही प्रमाणित करून पत्र पाठवावे लागते. ईमेल चालत नाही, मुखत्यारपत्रही नाही. ‘कर नको, पण श्रद्धा सोडत नाही’ अशी अट घोषणेला जोडता येत नाही. शुल्क राज्यानुसार बदलते: बर्लिनमध्ये ३० युरो, ब्रांडेनबुर्गमध्ये काहीच नाही. वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की मूल स्वतः घोषणा करू शकते.

मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळायला आठवडे लागतात आणि तोवर कर कापला जातो, म्हणून तारीख आधी घ्या. पुढच्या स्लिपांवर ‘आरके’ किंवा ‘ईव्ही’ गेले का ते तपासा. नोंदणी कार्यालयाकडून बदल करखात्यात पोचला नाही तर कपात तशीच सुरू राहते. मिळालेला दाखला आयुष्यभर जपा. शहर बदलल्यावर तोच पुरावा म्हणून मागितला जाऊ शकतो.

आता दुसरी बाजू, जी खिडकीवर कोणी सांगत नाही. जर्मन कॅथलिक बिशपांच्या २०१२ च्या आदेशानुसार चर्च सोडलेल्याला कम्युनियन व इतर संस्कार घेता येत नाहीत, धर्मपिता-धर्ममाता होता येत नाही, आणि चर्चमधला अंत्यविधीही नाकारला जाऊ शकतो. कॅथलिक रुग्णालयात काम करणाऱ्या नर्सेसनी आधी नोकरीचा करार वाचावा, कारण चर्च सोडणे हे तिथे नोकरीवर बेतू शकते. तुमचा जोडीदार सभासद असून कमावत नसेल आणि दोघांचे कर-विवरण एकत्र असेल, तर काही राज्यांत तुमच्या उत्पन्नाचा हिशेब धरून त्याच्याकडून ‘विशेष किर्शगेल्ड’ (चर्चसाठीची वेगळी आकारणी) मागितला जातो. परत यायचे झाले तर मात्र सरकारी खिडकी लागत नाही. स्थानिक पॅरिशमध्ये फादरशी बोलून प्रवेश घेता येतो, आणि कर पुन्हा सुरू होतो.