विळी आणि सुरीवरचा गंज काढणे

कार्बन पोलादाच्या विळीवर किंवा सुरीवर चढलेला तांबडा गंज घरच्या घरी, पाते फारसे न झिजवता उतरवण्याची ही कृती आहे. लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र मिळाले की गंज धरतो. तो सच्छिद्र असल्याने ओल धरून ठेवतो आणि आतल्या धातूपर्यंत पोचत राहतो. मिठाने त्याचा वेग वाढतो. पावसाळी हवेत खारवलेले मासे चिरून तशीच ठेवलेली विळी सकाळी तांबडी दिसते.

पात्यावरचा प्रत्येक डाग गंज नसतो. केळफूल, कच्चे केळे यांतले टॅनिन लोखंडाशी मिळून काळा-निळा थर धरते. तो गुळगुळीत असतो, बोटाला लागत नाही आणि पात्याचे थोडेफार रक्षणही करतो. तो घासत बसणे म्हणजे फुकटची मेहनत. बोटाला तांबडी पूड लागली तरच पुढचे उपाय करावेत.

हलक्या गंजाला खाण्याचा सोडा पुरतो. तीन चमचे सोडा एक चमचा पाण्यात कालवून लावावा आणि अर्ध्या तासाने काथ्याने घासावे. जुन्या गंजाला आम्ल लागते : एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व, नाहीतर सरळ व्हिनेगर. सुरीचे फक्त पाते बुडवावे, लाकडी मूठ कोरडी ठेवावी. विळीला पाट असल्याने ती बुडवता येत नाही. द्रावणात भिजवलेले फडके पात्याला गुंडाळावे. वीस-तीस मिनिटांनी काढून घासावे, गरज पडल्यास पुन्हा लावावे. घासताना हात नेहमी पाठीकडून धारेकडे न्यावा, धारेच्या लांबीने कधीच नाही. उरलेल्या ठिपक्यांना 600 नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर लावावा. खवणीच्या दातांना मात्र तो लावू नये, दात बोथट होतात. तिथे जुना टूथब्रश चालतो.

बहुतेक जण इथे दोन ठिकाणी चुकतात. पाते रात्रभर आम्लात राहिले तर गंजासोबत चांगले लोखंडही विरघळते. पाते करडे, खरबरीत होते आणि धार जाते. दुसरी चूक धुतल्यानंतरची. उघडे पडलेले लोखंड ओले राहिले तर काही मिनिटांतच त्यावर नारिंगी झाक येते. म्हणून आम्ल धुतल्यावर ग्लासभर पाण्यात चमचाभर सोडा घालून त्याने पाते पुसावे, पुन्हा धुवावे, लगेच कोरडे करावे. वाळवण्यासाठी गॅसच्या ज्योतीवर धरू नये. पाते निळसर झाले की त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले समजावे, मग धार टिकत नाही. आम्लात ब्लीच तर अजिबात मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेवटी खोबरेलाचे दोन थेंब फडक्याने पसरावेत. जवसाचे तेल कालांतराने चिकट होऊन बसते. विळीचे पाते पाटाला जिथे जोडलेले असते त्या फटीत थेंबभर तेल सोडावे, कारण तिथे पाणी साचते आणि पाते तिथूनच सैल होते.

स्टेनलेस सुरीवरही मिठाने ठिपके पडतात. तिला सोडा लावावा. लोखंडी तारेची घासणी नको, तिचे कण पात्यात अडकून स्वतःच गंजतात. गंजाने धारेवर खड्डे पाडले असतील तर घरचे उपाय संपले. तेवढा भाग घासून नवी धार धरावी लागते. ते काम शिकलगाराकडे द्यावे.