कुंभ बारा वर्षांनी, मग हरिद्वारला अकराव्या वर्षीच कसा काय?

2025 ला प्रयागराजचा कुंभ होता तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज तोच फॉरवर्ड, 144 वर्षांनी आलेला योग, चुकवू नका. तेव्हा गप्प बसलो. आता नाशिकच्या सिंहस्थाची गडबड आहे आणि तसलेच मेसेज परत यायला लागलेत, म्हणून एकदा गणित करूनच टाकू.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, समुद्रमंथन, अमृताचा कुंभ, पळवापळवीत चार ठिकाणी सांडलेले थेंब. पण मेळा कधी भरणार हे ठरतं गुरू ग्रहावरून. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकला (उज्जैनलाही, म्हणून दोन्हीकडे नाव सिंहस्थ), गुरू कुंभेत असताना सूर्य मेषेत गेला की हरिद्वारला. सिंहेतून कन्येत सरकला की आपल्या कृष्णाकाठी, नरसोबाच्या वाडीला, कन्यागत. एका राशीत साधारण वर्षभर मुक्काम, राशी बारा, झाली बारा वर्षं.

फक्त गुरूला सूर्याभोवती फेरी मारायला बारा वर्षं लागत नाहीत, 11.86 लागतात! फरक दीड-पावणेदोन महिन्यांचा, पण तो साठत जातो. बारा वर्षांत गुरू 360 अंश नाही तर 364 च्या जरा वर चालतो, म्हणजे दर कुंभाला तो आधीच्या जागेपेक्षा चारेक अंश पुढे असतो, आणि रास असते 30 अंशांची, त्यामुळे सातेक वेळा असं झालं की अख्खी रास पुढे गेलेली असते आणि बाराव्या वर्षापर्यंत थांबलात तर गुरू निघून गेलेला. मग मेळा एक वर्ष आधी घ्यावा लागतो. हरिद्वारला 2010 नंतर थेट 2021 ला कुंभ झाला तो यामुळेच, ऐन कोविडात एवढी घाई कशाला असं तेव्हा मलाही वाटलेलं. त्याआधी असंच 1927 नंतर 1938 ला झालं होतं. 1938 ते 2021 किती? 83 वर्षं. आता 11.86 ला 7 ने गुणून बघा. 83.02! हे 83 वर्षांचं चक्र बॅबिलोनच्या लोकांनाही माहीत होतं, दुर्बीण नसताना, नुसत्या नोंदी ठेवून.

आणि 144? 12 गुणिले 12, दिसायला छान. पण गुरूच्या 12 फेऱ्या 142.3 वर्षांतच संपतात, 144 वर्षांनी तो मूळ जागेच्या 50 अंश पुढे, म्हणजे दीड राशीहून जास्त लांब असतो. गुरूपुरतं बोलायचं तर 144 पेक्षा 83 कितीतरी चोख.

अजून एक भानगड म्हणजे वक्री गती. दर 13 महिन्यांनी पृथ्वी आतल्या ट्रॅकवरून गुरूला ओव्हरटेक करते, तेव्हा तो चारेक महिने मागे जाताना दिसतो, आपली गाडी पुढे निघाली की शेजारची लोकल मागे सरकल्यासारखी वाटते तसं. म्हणून तो ऑक्टोबर 2026 अखेर सिंहेत येतो, जानेवारीत परत कर्केत जातो आणि जूनअखेर पुन्हा येतो, मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 ला. (या राशी निरयन हां, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेल्या; सायन, म्हणजे ऋतूंना धरून मोजलेल्या, घेतल्या तर 24 अंशांचा फरक पडतो आणि सगळंच हलतं.)

सिंहस्थात लग्न करू नये म्हणून वर्षभर मुहूर्त अडवून बसणारे आमच्याकडेही आहेत. साठ कोटी किलोमीटरहूनही लांबचा वायूचा गोळा, त्याला तुमच्या हॉलच्या बुकिंगचं काय पडलंय.

त्यापेक्षा त्याला बघा. डिसेंबर 2026 ला रात्री उशिरा पूर्वेला मघा नक्षत्राच्या ठळक ताऱ्याजवळ तो दिसेल, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मार्चमध्ये पुन्हा काढा. ताऱ्यापासून लांब गेलेला असेल, उलट्या दिशेने.