धावपट्टी विस्तारीकरण (कराड विमानतळ)

धावपट्टी विस्तारीकरण म्हणजे अस्तित्वात असलेल्या धावपट्टीची लांबी वाढवून ती मोठ्या विमानांसाठी योग्य करणे आणि त्यासाठी लागणारी जमीन व परवानग्या मिळवणे. सातारा जिल्ह्यातील कराडचा विमानतळ हे याचे बोलके उदाहरण आहे. कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधलेली ही धावपट्टी सुमारे १२८० मीटर लांब व ३० मीटर रुंद आहे. छोटी विमाने व प्रशिक्षणाची उड्डाणे तिच्यावरून होऊ शकतात. सत्तर आसनी एटीआर विमान पूर्ण भाराने नियमित चालवायचे तर ती अपुरी पडते. विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे.

विस्ताराची चर्चा 'किती मीटर वाढवायचे' इथे सुरू होते, पण गावाला कळीचा प्रश्न रुंदीचा असतो. समजा, धावपट्टी ४०० मीटर वाढवायची आहे. डांबरी पट्टा ३० मीटर रुंद, म्हणजे तेवढ्यासाठी जेमतेम तीन एकर जमीन लागते. मात्र उपकरणांच्या मदतीने विमान उतरवायचे असेल, तर या लांबीच्या धावपट्टीभोवती सुमारे २८० मीटर रुंदीची सपाट, मोकळी पट्टी ठेवावी लागते. ती धरली की आकडा अठ्ठावीस एकरांच्या आसपास जातो. त्यापुढे प्रत्येक टोकाला सुरक्षा क्षेत्र हवे: किमान ९० मीटर, शिफारस २४० मीटरची. वारुंजी, मुंढे परिसरातील शेतकऱ्यांनी विस्ताराला दीर्घकाळ केलेला विरोध या हिशेबातून पाहावा लागतो. ही कोयनाकाठची बागायती उसाची जमीन आहे, आणि अशी जमीन पुन्हा विकत घेता येत नाही.

बहुपिकी बागायती जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी, असे २०१३ चा भूसंपादन कायदाही सांगतो. या कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत हरकती घेता येतात. भरपाईत बाजारभावाला ग्रामीण भागासाठी १ ते २ गुणांक लावतात, विहीर, पाइपलाइन, झाडे यांचे मूल्य वेगळे धरतात आणि एकूण रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम देतात. व्यवहारात घोळ होतो तो सात-बारावर. खातेफोड झालेली नसते, वारसनोंद रखडलेली असते, सामाईक विहिरीचा हिस्सा कागदावर नसतो. संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहणे म्हणूनच फार महत्त्वाचे. गटनिहाय नकाशा अधिसूचनेआधीच ग्रामसभेत लावला गेला पाहिजे. नंतरच्या बैठकांनी तुटलेला विश्वास सहसा सांधत नाही.

पर्यावरण मंजुरी २००६ च्या अधिसूचनेखाली घ्यावी लागते. व्यावसायिक वापराचे विमानतळ त्यात 'अ' वर्गात मोडतात, त्यामुळे निर्णय केंद्रीय मंत्रालय करते. जनसुनावणी मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत जिल्ह्यातच होते. विमानतळाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते.

अडथळ्यांच्या सर्वेक्षणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटरवर बाहेरच्या दिशेने चढत जाणारा एक कल्पित पृष्ठभाग सुरू होतो. साधारणपणे ५० मीटर अंतराला १ मीटर असा त्याचा चढ असतो, म्हणजे तिथून ५०० मीटरवर दहा मीटरपेक्षा उंच काही चालत नाही. नारळाचे झाड, विजेची वाहिनी, मोबाइल टॉवर, दुमजली घरावरची टाकी, सगळे यात येते. सभोवताली ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटरची मर्यादा असते. कारखान्यांच्या चिमण्या आणि आगाशिवसारखे डोंगर असलेल्या कराड परिसरात हे मोजमाप बारकाईने करावे लागते. जमीन न देणाऱ्या शेजारच्या गावालाही नव्या बांधकामासाठी उंचीचा ना-हरकत दाखला लागू शकतो, आणि हे त्या गावाला आधी सांगितलेच पाहिजे.

अडथळा हटवता आला नाही, तर विमान टेकण्याची सुरुवातीची रेषा आत सरकवतात. मग संपादित जमिनीवर बांधलेल्या लांबीचा तेवढा भाग उतरण्यासाठी वापरता येत नाही.