जंतू दिसले, दोष सिद्ध व्हायला दोन शतके लागली

संसर्गजन्य रोग सूक्ष्मजीवांमुळे होतात, हे आज शालेय पुस्तकातले विधान असले, तरी वैद्यकाने ते निःशंकपणे स्वीकारले त्याला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. त्यापूर्वी कित्येक शतके युरोपातील बहुतेक वैद्य साथींचे कारण हवेत शोधत होते. दलदलीतून आणि कुजणाऱ्या घाणीतून उठणारी दूषित हवा माणसाला आजारी पाडते, असे ते मानत. या समजाला निव्वळ भाबडा म्हणता येणार नाही. घाण जास्त तिथे रोगराई जास्त, हे निरीक्षण खरेच होते आणि या चुकीच्या सिद्धांताच्या भरवशावर बांधलेल्या गटारांनी रोग कमीही केले.

सूक्ष्मजीव तोवर कोणी पाहिलेच नव्हते, असेही नाही. डेल्फ्टमधील कापडाचे व्यापारी अंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्यातील हालते जीव पाहून १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते आणि पुढे स्वतःच्या दातांवरच्या किटणातही त्यांना तसेच जीव आढळले. पण निरोगी माणसाच्या तोंडातच ते वावरत असतील, तर त्यांचा रोगाशी संबंध कसा जोडायचा? रोग्याच्या शरीरात एखादा जीव सापडला, तरी तो रोगाचे कारण आहे की रोगाने आधीच बिघडलेल्या ठिकाणी मागाहून वाढला आहे, हे नुसते पाहून ठरत नव्हते. जंतुसिद्धांताचा बराचसा इतिहास या एकाच अडचणीभोवती फिरतो.

एकोणिसाव्या शतकात पुरावे तुकड्यातुकड्याने जमत गेले. रेशीमकिड्यांचा एक रोग जिवंत बुरशीमुळे होतो, हे अगोस्तिनो बासी यांनी १८३५ मध्ये दाखवले. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले; मात्र हातांवरून नेमके काय वाहून जाते, ते त्यांना दाखवता आले नाही. पटकी म्हणजेच कॉलरा पाण्यातून पसरतो, हे जॉन स्नो यांनी १८५४ च्या लंडनमधील साथीत दाखवले. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिपो पाचिनी यांनी पटकीने मेलेल्यांच्या आतड्यात तिचा जंतू पाहिला, पण त्यांच्याकडे कोणी लक्षच दिले नाही. लुई पाश्चर यांनी आंबणे आणि नासणे ही जिवंत सूक्ष्मजीवांची कामे असल्याचे सिद्ध केले आणि ते जीव आपोआप उत्पन्न होतात या समजाचा पायाच काढून घेतला.

निर्णायक काम रॉबर्ट कॉख यांचे. एका छोट्या गावातील हा सरकारी डॉक्टर काळपुळी म्हणजेच अँथ्रॅक्स या जनावरांच्या रोगामागे लागला होता. रोगी जनावरांच्या रक्तात काड्यांसारखे जंतू असतात, हे आधीच माहीत होते. कॉख यांनी ते उंदराला टोचले, त्या उंदराच्या शरीरातून पुढच्या उंदराला, आणि प्रत्येक वेळी तोच रोग व तेच जंतू आढळले. बैलाच्या डोळ्यातील द्रवात शरीराबाहेर वाढवलेल्या जंतूंनीही तोच परिणाम झाला, त्यामुळे रक्तातला दुसराच एखादा घटक रोगाला कारण असेल, ही शंका बरीचशी मिटली. हे जंतू बीजाणूंच्या, म्हणजे जाड कवचाच्या सुप्त रूपात टिकून राहतात हेही त्यांना दिसले, आणि काही कुरणे वर्षानुवर्षे घातक का राहतात, याचा उलगडा झाला. हे संशोधन १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे प्रत्येक जंतू वेगळा वाढवण्यासाठी आगर या समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाचा घट्ट थर वापरात आला. ती सूचना एका सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेसे यांची होती आणि त्यांना मिळायला हवे तेवढे श्रेय आजही मिळत नाही. २४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हा विरोधाचा जोर ओसरू लागला.

तरीही म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी, नुसत्या जंतूने पटकी होत नाही हे दाखवण्यासाठी, १८९२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, पटकीच्या जंतूंचे द्रावण खुशाल पिऊन टाकले आणि त्यांना थोडे जुलाब होण्यापलीकडे काही झाले नाही. त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता, पण त्यांनी उभा केलेला प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. जंतू पोटात असूनही काही माणसे ठणठणीत राहतात, हे पुढे कॉख यांनाही मान्य करावे लागले. जंतूंची संख्या, जठरातील आम्ल आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांवर पुढचे बरेच अवलंबून असते.

जंतू शरीरात नेमके करतात काय, याचे पहिले ठोस उत्तर घटसर्पाने म्हणजेच डिप्थेरियाने दिले. त्याचे जंतू घशातच राहतात, मग हृदय आणि मज्जातंतू का बिघडतात? एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सां यांनी १८८८ मध्ये जंतू गाळून काढलेला द्रव प्राण्यांना टोचून तसेच परिणाम घडवले, म्हणजे अपाय जंतूंनी सोडलेल्या विषाने होत होता. पटकीचा जंतूही विषानेच मारत असावा, असा कॉख यांचा कयास होता, पण तो खरा ठरायला सुमारे पाऊणशे वर्षे लागली. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये जंतूविरहित गाळीव द्रव सशाच्या आतड्यात सोडला आणि आतडे पाण्याने फुगलेले दाखवले. या विषाने आतड्यातून पाणी आणि क्षार बाहेर पडतात, पण साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची आतड्याची क्षमता शाबूत राहते, आणि जलसंजीवनीचा उपचार याच गोष्टीवर उभा आहे.