अमली पदार्थांची दोषसिद्धी आणि विद्यार्थी अर्थसाहाय्य (अमेरिका)

अमली पदार्थ बाळगल्याबद्दल किंवा विकल्याबद्दल न्यायालयात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याची सरकारी शैक्षणिक मदत बंद करणारा अमेरिकी संघराज्याचा नियम. १९९८ मध्ये उच्च शिक्षण कायद्यात दुरुस्ती करून तो आणला गेला. इंडियानाचे प्रतिनिधी मार्क साउडर हे त्याचे पुरस्कर्ते. अंमल २००० पासून सुरू झाला आणि मदतीसाठीच्या ‘फॅफ्सा’ अर्जात दोषसिद्धीचा प्रश्न आला. पहिले वर्ष सोडले तर तो कोरा ठेवून चालत नसे. उत्तर दिले नाही की मदत अडे.

बाळगण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्ष, दुसऱ्याला दोन वर्षे आणि तिसऱ्याला बेमुदत अपात्रता होती. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यालाच दोन वर्षे, दुसऱ्याला बेमुदत. मुदत अटकेपासून नव्हे, दोषी ठरल्याच्या तारखेपासून मोजत. समजा, बाळगल्याबद्दल १० मार्च २००४ रोजी कोणी पहिल्यांदा दोषी ठरला, तर १० मार्च २००५ पर्यंत पेल अनुदान (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची रक्कम), संघराज्याचे कर्ज आणि वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळणारी मदत) तिन्ही बंद. मधल्या काळात उचललेले पैसे परत करावे लागत. अल्पवयीन म्हणून चाललेला खटला आणि पुढे रद्द झालेली दोषसिद्धी धरत नसत. मुदतीआधी पात्रता हवी असेल तर मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती कार्यक्रम पुरा करावा लागे आणि त्यात न कळवता घेतलेल्या अमली पदार्थांच्या दोन चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागत. २००८ पासून कार्यक्रम पुरा न करताही अशा दोन चाचण्या पुरेशा ठरल्या.

हा नियम मुळातच अन्यायाचा होता. ज्याची फी आईवडील भरतात, त्याच्या खिशाला त्याच गुन्ह्याने झळ लागत नसे. पेलवर शिकणाऱ्याचे मात्र वर्ष बुडे. अर्जात चोरी किंवा मारहाण याबद्दल एकही प्रश्न नव्हता. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा होते, या मुद्द्यावर विद्यार्थी संघटनेने न्यायालयात दाद मागितली, पण २००८ मध्ये अपिलातही ती फेटाळली गेली. त्याआधी एक दुरुस्ती मात्र पदरात पडली होती: १ जुलै २००६ पासून, मदत घेत असताना केलेला गुन्हाच मोजला जाऊ लागला. शाळेतल्या वयातली जुनी चूक त्यामुळे आड येईनाशी झाली.

डिसेंबर २०२० च्या कायद्याने ही अपात्रता काढून टाकली. २०२१-२२ पासून उत्तराचा मदतीवर परिणाम होईना, आणि २०२३-२४ च्या अर्जातून प्रश्नही गेला. त्यामुळे पूर्वी नकार मिळालेल्याने आज नव्याने अर्ज भरावा. ‘आपल्याला मिळणारच नाही’ असे धरून घरी बसू नये. राज्यांच्या आणि महाविद्यालयांच्या शिष्यवृत्त्यांच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या स्वतंत्रपणे वाचाव्यात.

करसवलतीत जुनी अट अजून टिकून आहे. अमली पदार्थांच्या ‘फेलनी’ म्हणजे गंभीर गुन्ह्यात करवर्षाच्या अखेरीपर्यंत दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यासाठी ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी’ ही कमाल २,५०० डॉलरची सवलत मिळत नाही. दावा आईवडिलांनी केला तरी फरक पडत नाही. ‘लाइफटाइम लर्निंग’ या कमाल २,००० डॉलरच्या सवलतीला ही अट नाही.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांपैकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारक मुलांना संघराज्याची मदत मिळू शकते. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ती मुळातच नसते. पण जो नागरिक नाही, त्याच्यापुढे मदतीपेक्षा मोठा धोका देशाबाहेर काढले जाण्याचा आहे. स्वतःपुरता ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगण्याचा एकच गुन्हा तेवढा अमली पदार्थांमुळे हद्दपार करणाऱ्या कलमातून वगळलेला आहे. म्हणून गुन्हा कबूल करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे.