जुने रेणू, सुरक्षित रूप : जेनेरिक पीकसंरक्षण औषधांची पार्श्वभूमी

कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसीच्या (ईसी म्हणजे पाण्यात दुधासारखे मिसळणारे द्रव औषध) शंभर ग्रॅम द्रवात कीटकनाशक वीस ग्रॅमच असते. सात-आठ ग्रॅम इमल्सिफायर (तेलकट द्रव पाण्यात मिसळवणारे द्रव्य) असतो आणि उरलेले जवळपास सगळे सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव : झायलीन किंवा पेट्रोलियमपासून निघणारा सी-९ वर्गातला ॲरोमॅटिक द्रव. झायलीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो बिंदू, सुमारे २७ अंश सेल्सिअस. विदर्भात मे महिन्यात गोदामाचे तापमान त्याच्या कितीतरी वर जाते. शिवाय हेच सॉल्व्हंट कातडीवरचा तेलकट थर विरघळवते आणि कीटकनाशकाला शरीरात शिरायला वाट करून देते. पेटंट संपलेला रेणू, म्हणजे मूळ सक्रिय रसायन, बनवणाऱ्या जेनेरिक कंपनीला त्या रेणूचा मूळ विषारीपणा बदलता येत नाही. पण टेक्निकल, म्हणजे कारखान्यात बनलेले मूळ कीटकनाशक, किती शुद्ध ठेवायचे, त्याच्यासोबत काय मिसळायचे आणि ते शेतकऱ्याच्या हातात कोणत्या रूपात द्यायचे, या तिन्ही गोष्टी तिच्या हातात असतात. भारतात या तीन गोष्टींकडे फार उशिरा लक्ष गेले. त्याचे कारण आपल्या कायद्यांच्या घडणीत आहे.

एप्रिल-मे १९५८ मध्ये केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. धान्य आणि विष एकाच जहाजातून आणले होते आणि वाटेत डबे गळले होते. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने चौकशी केली. त्यानंतर दहा वर्षांनी कीटकनाशक कायदा, १९६८ आला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण या नियमांतला. उंदरांवरच्या चाचणीत तोंडावाटे एलडी-५० (निम्मे प्राणी मरतात ती मात्रा) शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. वर्गवारी सोपी आणि उपयोगी होती. पण ती तात्काळ होणाऱ्या विषबाधेपुरतीच होती. सॉल्व्हंट कोणते, टेक्निकलमध्ये अशुद्धी कोणती, हे त्रिकोणावरून कळत नाही, आजही नाही.

याच सुमारास पेटंट कायदा, १९७० झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यात अन्न आणि औषधांच्या पदार्थांना उत्पादन पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीला मिळे. तेही अर्जापासून सात वर्षे किंवा पेटंट शिक्कामोर्तब झाल्यापासून पाच वर्षे, यांपैकी जे आधी संपेल तेवढेच. ‘औषध’ या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत कीटकनाशके, बुरशीनाशके आणि तणनाशकेही घेतली होती. त्यामुळे डोंबिवली, लोटे परशुराम, वापी, अंकलेश्वर इथल्या कारखान्यांना परदेशी रेणू स्वतःच्या पद्धतीने बनवायला मोकळे रान मिळाले. आयात औषधे ज्यांना परवडत नव्हती, त्या शेतकऱ्यांपर्यंत ती स्वस्तात पोहोचली. हे मोठे काम होते आणि ते मनापासून मान्य केले पाहिजे. १ जानेवारी २००५ पासून उत्पादन पेटंट परत आले, तोवर भारत जेनेरिक टेक्निकलचा मोठा निर्यातदार झाला होता.

अडचण नोंदणीत होती. कीटकनाशक कायद्याच्या कलम ९(३) खाली पहिली नोंदणी मिळते. तिच्यासाठी रसायनशास्त्र, विषशास्त्र, जैविक परिणामकारकता आणि अवशेष यांची माहिती स्वतः तयार करावी लागते आणि शेतावरच्या चाचण्यांत हंगामामागून हंगाम जातात. कलम ९(४) म्हणते की एकदा नोंदलेले कीटकनाशक दुसऱ्या कुणालाही त्याच अटींवर अर्ज आणि शुल्क भरून नोंदता येईल. उद्योगात याला मी-टू रजिस्ट्रेशन म्हणतात. ‘त्याच अटींवर’ म्हणजे तीच टक्केवारी आणि तोच प्रकार. २० ईसी नोंदलेले असेल तर दुसरा, तिसरा, शंभरावा उत्पादकही २० ईसीच काढणार. त्यातले झायलीन काढून पाण्यावर आधारित औषध करायचे म्हटले की तो माणूस ९(४) मधून बाहेर पडून ९(३) च्या रांगेत उभा राहतो. खर्च त्याचा, वर्षे त्याची आणि नोंदणी मिळाली की ९(४) मधून बाकीचे मागोमाग येणार. सुरक्षित रूप विकसित करणाऱ्या कंपनीला यात काहीच लाभ नव्हता. जुनी ईसी आणि डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची पावडर) औषधे दशकानुदशके टिकली ती यामुळे. तंत्रज्ञान नव्हते, असे नाही.

रेणू तोच असला तरी औषध तेच राहत नाही, हे जगाला १९७६ मध्ये पाकिस्तानात कळले. मलेरियाविरोधी मोहिमेत सुमारे साडेसात हजार कामगार मॅलॅथिऑन ५० टक्के डब्ल्यूपी फवारत होते. त्यांतल्या सुमारे २८०० जणांना विषबाधा झाली आणि पाच दगावले. मॅलॅथिऑन तसे कमी विषारी मानले जाते. माल तीन उत्पादकांचा होता. त्यांतल्या दोघांच्या मालात आयसोमॅलॅथिऑन ही अशुद्धी जास्त निघाली. शरीरात मॅलॅथिऑनचे विघटन करणाऱ्या एन्झाइमलाच ती अडवते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेतही माणूस आजारी पडतो. ही अशुद्धी पावडर साठवणीत असताना वाढते. पावडरीत मिसळलेल्या वाहक मातीच्या कणांवरच्या आम्लधर्मी जागा उष्णतेत हे रूपांतर घडवून आणतात. म्हणून मॅलॅथिऑनसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेटच्या पावडरीसाठी माती निवडताना तिची आम्लता पाहतात आणि गरज असेल तर ग्लायकॉलसारखा डीॲक्टिव्हेटर घालतात.

या धड्यातून पुढे ‘समतुल्यता’, म्हणजे जेनेरिक टेक्निकल मूळ टेक्निकलच्या तोडीचे आहे का हे पाहण्याची पद्धत, आली. अन्न व कृषी संघटनेने १९९९ पासून टेक्निकलचे मानक एका ठरावीक उत्पादकाच्या अशुद्धींच्या आलेखाशी, म्हणजे कोणती अशुद्धी किती आहे याच्या नोंदीशी, बांधले. नव्या जेनेरिक उत्पादकाने पाच बॅचचे विश्लेषण द्यायचे, किलोमागे एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त असलेली प्रत्येक अशुद्धी ओळखून दाखवायची. साधी अशुद्धी मूळ मर्यादेपेक्षा ५० टक्क्यांहून किंवा किलोमागे ३ ग्रॅमहून, यांपैकी जे मोठे असेल त्याहून जास्त वाढता कामा नये. विषारी अशुद्धींना मात्र अशी सवलत नाही. क्लोरपायरिफॉसमध्ये सल्फोटेप, ॲसिफेटमध्ये मेथामिडोफॉस, मॅन्कोझेबमध्ये ईटीयू (इथिलीन थायोयुरिया), डायकोफॉलमध्ये डीडीटी, ग्लायफोसेटमध्ये फॉर्माल्डिहाइड आणि नायट्रोसो-ग्लायफोसेट. जेनेरिक कारखान्यातल्या सुरक्षिततेची सुरुवात इथे होते. सॉल्व्हंट रिकव्हरीत तोच द्रव पुन्हा पुन्हा फिरवला, धुण्याचा एक टप्पा वाचवला किंवा ड्रायरचे तापमान दहा अंशांनी वाढवले, तर टेक्निकलची टक्केवारी तशीच दिसते आणि आलेखात नवे शिखर, म्हणजे नवी अशुद्धी, उगवते. मॅन्कोझेब जास्त तापले की ईटीयू वाढतो, हे याचे नेहमीचे उदाहरण.

भोपाळची दुर्घटना, २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र, कार्बारिल बनवण्यासाठी साठवलेल्या मिथाइल आयसोसायनेटची होती. तिने कारखान्याच्या सुरक्षेचे कायदे बदलले. बाटलीतल्या औषधाकडे लक्ष वळायला थोडा आणखी काळ गेला. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने गुरुग्राम इथे कीटकनाशक फॉर्म्युलेशन तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. वापरणाऱ्याला आणि पर्यावरणाला कमी घातक अशी फॉर्म्युलेशन्स, म्हणजे औषधाची विक्रीयोग्य रूपे, तयार करून ती भारतीय उद्योगाला देणे हे तिचे नेमून दिलेले काम.

ईसीला पर्याय म्हणून पहिले नाव येते एससीचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांचे. टेक्निकल, पाणी, वेटिंग एजंट (कण भिजवणारे द्रव्य) आणि डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारे द्रव्य) यांचे मिश्रण झिरकोनियमचे सुमारे एक मिलिमीटरचे मणी भरलेल्या बीड मिलमधून फिरवतात. निम्मे कण दोन-तीन मायक्रॉनच्या खाली आले की प्रोपिलीन ग्लायकॉल, बुरशी लागू नये म्हणून बायोसाइड आणि खाली गाळ बसू नये म्हणून ०.१ ते ०.३ टक्के झँथन गम घालतात. कागदावर सोपे दिसते. पण टेक्निकलचा वितळबिंदू साठ-सत्तर अंशांच्या वर लागतो, नाहीतर मिलच्या उष्णतेत ते मऊ पडून मण्यांना चिकटते. पाण्यातली विद्राव्यता लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आत असलेली बरी. इमिडाक्लोप्रिडची पाचशे-सहाशेच्या घरात आहे. दिवसा गोदाम तापले की बारीक कण विरघळतात, रात्री गार झाले की मोठ्या कणांवर जमतात आणि काही महिन्यांत नोझलची जाळी तुंबवणारे स्फटिक तयार होतात. त्यासाठी कणाला घट्ट धरून ठेवणारा पॉलिमर डिस्पर्संट लागतो आणि तो महाग असतो. म्हणून इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल (पूर्ण विरघळलेले द्रव रूप) वर्षानुवर्षे डायमिथाइल सल्फॉक्साइड आणि एन-मिथाइल पायरोलिडोनमध्ये विरघळवून विकले गेले. त्यांतला दुसरा सॉल्व्हंट युरोपात प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत आहे. ३०.५ एससी आणि ७० डब्ल्यूजी (पाण्यात सुटणारे दाणे) हे त्याचे सुधारित प्रकार.

कमी तापमानाला वितळणाऱ्या रेणूंची गोष्ट वेगळी. क्लोरपायरिफॉस ४२ अंशांना वितळते, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ४९ ला, पेंडिमिथॅलिन ५४ ते ५८ ला. इथे सीएस, म्हणजे कॅप्सूल सस्पेन्शन करावे लागते. वितळलेल्या पेंडिमिथॅलिनमध्ये काही टक्के पॉलिआयसोसायनेट मिसळायचे, लिग्नोसल्फोनेट घातलेल्या गरम पाण्यात जोरदार शिअर देऊन, म्हणजे वेगाने घुसळून, त्याचे काही मायक्रॉनचे थेंब करायचे आणि मग डायअमाइन सोडायचे. थेंबाच्या पृष्ठभागावर लगेच पॉलियुरियाचे कवच बनते. पुढे तास-दोन तास उबदार ठेवून कवच पक्के करायचे. चुका होतात त्या बहुधा अमाइनच्या टप्प्यावर. ते भरभर ओतले तर कॅप्सूल एकमेकांना चिकटून अख्ख्या बॅचची लापशी होते. अमाइन उरले तर सामू वर जातो. लॅम्डासारखे पायरेथ्रॉइड वर्गातले कीटकनाशक आम्लारी पाण्यात तुटते, म्हणून शेवटी आम्ल घालून सामू उतरवावाच लागतो. शिअर कमी पडला तर मोठे थेंब राहतात आणि पंपाच्या दाबाने फुटतात. कवच जाड झाले तर कीड मरत नाही. फार पातळ झाले तर औषध बाहेर झिरपून त्याचे स्फटिक होतात आणि सुरक्षिततेचा दावाच कोसळतो. म्हणून कवचाबाहेर मोकळे राहिलेले सक्रिय द्रव्य मोजणे ही सीएसची सर्वांत महत्त्वाची चाचणी. हे नीट जमले की फायदा खरा असतो. पेंडिमिथॅलिन ३० ईसीच्या जागी ३८.७ सीएस आले तेव्हा हात पिवळे होणे, वास आणि शेतातून उडून जाणे, तिन्ही कमी झाले. लॅम्डा ५ ईसीऐवजी ४.९ सीएस वापरले तर तोंडाला, हाताला होणारी झोंबणारी जळजळ कमी होते.

पावडरीच्या बाबतीत उत्तर डब्ल्यूजी आहे. पावडर बारीक दळून, थोडे पाणी घालून एक मिलिमीटरच्या आसपासच्या जाळीतून शेवयांसारखी काढायची आणि फ्लुइड बेडवर, म्हणजे गरम हवेच्या झोतावर, वाळवायची. दाणे पाण्यात मिनिटभरात सुटले पाहिजेत आणि पोत्यात चुरले जाता कामा नयेत. या दोन्ही अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. दाब वाढवला की दाणा कडक होतो आणि पंपात तसाच राहतो. गंधक ८० टक्के डब्ल्यूजी करताना कोरड्या धुळीचा स्फोट होण्याचा धोका कारखान्यातच असतो.

साठवणीत टिकतात का हे कळावे म्हणून सगळ्या प्रकारांना ५४ अंशांवर १४ दिवस ठेवून पाहतात, द्रव औषधांना शून्य अंशावर सात दिवस. इमल्शन आणि तरंगक्षमता ३४२ पीपीएम कठीण पाण्यात तपासतात. बोअरचे पाणी त्याहून कठीण असलेली गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. तिथे प्रमाणित औषधही फाटू शकते, म्हणून जबाबदार कंपनीने आपल्या विक्रीच्या भागातले पाणी आणून चाचणी करावी, असे आमचे ठाम मत आहे.

फॉर्म्युलेशन बदलून प्रत्येक रेणू सुरक्षित होत नाही. मोनोक्रोटोफॉस पाण्यात पूर्ण विरघळते, म्हणून त्याला ना कण करता येतो, ना असे कवच घालता येते. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शालेय पोषण आहारातून २३ मुले दगावली ती याच औषधाने. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याच्या वर वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पुढच्या वर्षी राज्य सरकारने विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर साठ दिवस बंदी घातली. त्यांत एसएल, ईसी, डब्ल्यूपी, एसपी (पाण्यात विरघळणारी पावडर) होतीच, पण फिप्रोनिल ४० अधिक इमिडाक्लोप्रिड ४० हे डब्ल्यूजीसुद्धा होते. दाणेदार रूपाने भरताना उडणारी धूळ थांबते. अंगावर पडणारा फवारा थांबत नाही.

केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, १२ लगेच आणि सहा २०२० च्या अखेरीपासून. भोपाळचे कार्बारिल त्या बारांत होते. मे २०२० च्या मसुद्यात आणखी २७ नावे होती, त्यांत मॅन्कोझेब, ॲसिफेट, पेंडिमिथॅलिन आणि क्लोरपायरिफॉसही. २०२३ च्या अंतिम आदेशात डायकोफॉल, डायनोकॅप, मेथोमिल आणि मोनोक्रोटोफॉस ३६ एसएल गेले. क्लोरपायरिफॉसचे काही पिकांवरचे वापर तेवढे कमी झाले. २०२५ मध्ये टिकाऊ प्रदूषकांवरच्या जागतिक स्टॉकहोम कराराने क्लोरपायरिफॉस सवलतींसह बंदीच्या यादीत घेतले. त्यामुळे त्याच्या सीएसवर आज पैसा घालणाऱ्या कंपनीला आधी हे ठरवावे लागते की नोंदणी हाती येईपर्यंत तो रेणू बाजारात राहील का. पेंडिमिथॅलिन, लॅम्डा, इमिडाक्लोप्रिड आणि गंधक यांच्या बाबतीत तसा प्रश्न आज कमी आहे. जेनेरिक कंपन्यांनी फॉर्म्युलेशनचे काम आधी तिथे करावे.